मोठ्या क्रीडा स्पर्धांचा खरा खर्च: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा मिळाल्या, २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी भारताने इच्छापत्र दिलं, आणि "मग नागपूरला का नाही?" हा प्रश्न चौकाचौकात ऐकू येऊ लागला. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्याआधी बिल नीट वाचता यायला हवं, म्हणून हे पान.

स्पर्धेचा "खर्च" म्हणजे नेमका कोणता आकडा?

इथेच सगळा घोळ आहे. एकाच स्पर्धेचे चार-पाच आकडे फिरत असतात आणि प्रत्येक जण आपल्या सोयीचा उचलतो. हिशेब वाचताना तीन भाग वेगळे करावेत.

पहिला भाग आयोजनाचा: खेळाडूंची राहणी, जेवणं, पंच, वाहतूक, स्वयंसेवक, उद्घाटनाचा सोहळा, तात्पुरते मंडप, केबल, भाड्याचे जनरेटर. हा खर्च आयोजन समिती करते आणि तिकिटं, प्रायोजक, प्रक्षेपण हक्कांतला वाटा यांतून तो बराचसा भरून निघतो. दुसरा भाग बांधकामाचा: मैदानं, क्रीडानगरी, रस्ते, पूल, विमानतळ, मेट्रो. हा जवळजवळ सगळा सरकारी तिजोरीतून जातो. तिसरा भाग स्पर्धेनंतरचा: कर्जाचे हप्ते, देखभाल, वीज, रखवाली. जाहिरातीत दिसतो तो बहुतेक वेळा पहिला भाग. शहराला जन्मभर पुरतो तो तिसरा.

दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचं उदाहरण घ्या. सुरुवातीचा अंदाज होता १,२०० कोटी रुपये. कॅगने २०११ च्या अहवालात सगळ्या खात्यांचा खर्च एकत्र मांडला तेव्हा तो १८,५३२ कोटींवर पोचला. दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे नाहीत, आणि तीच तर अडचण आहे. अंदाज देताना कमीत कमी गोष्टी धरल्या जातात. मान्यता मिळाली की रस्ते, पथदिवे, रुग्णालयं, सुरक्षा सगळं एकेक करून त्यात येऊन बसतं.

अंदाज दरवेळी चुकतो तो का? इतके तज्ज्ञ असताना?

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९६० नंतरच्या ऑलिम्पिकचे हिशेब तपासले. महागाई वजा करूनही सरासरी खर्चवाढ दीडशे टक्क्यांहून जास्त निघाली, आणि अंदाजात बसलेली एकही स्पर्धा सापडली नाही. धरणं, बोगदे, अणुवीज प्रकल्प यांचेही अंदाज चुकतात, पण काही तरी त्यात बसतात. म्हणजे इथे दोष एखाद्या अभियंत्याचा नाही, रचनेचाच आहे.

मुख्य कारण तारखेचं. उड्डाणपूल सहा महिने लांबला तर लोक शिव्या देतात, पण काम थांबवून ठेकेदाराशी घासाघीस करता येते. उद्घाटनाची तारीख जगाला सांगून झाली की ती हलत नाही. ठेकेदाराला हे पक्कं ठाऊक असतं. शेवटच्या वर्षात तीन पाळ्यांत काम, विमानाने मागवलेलं साहित्य, निविदा न काढता दिलेली कामं आणि एकामागून एक "सुधारित प्रशासकीय मान्यता", म्हणजे वाढलेल्या खर्चाला सरकारी मंजुरी, हा क्रम ठरलेलाच. माँट्रियलने १९७६ मध्ये हे भोगलं. संप आणि दिरंगाईमुळे मुख्य स्टेडियमचं छत स्पर्धेपर्यंत झालंच नाही, ते १९८७ मध्ये बसलं. कर्ज फेडण्यासाठी क्युबेक प्रांताने तंबाखूवर कर लावला आणि शेवटचा हप्ता २००६ मध्ये गेला. पंधरा दिवसांच्या स्पर्धेसाठी तीस वर्षं.

दुसरं कारण वगळलेल्या बाबी. लंडनने २००५ मध्ये २०१२ च्या ऑलिम्पिकचं यजमानपद जिंकलं तेव्हा सार्वजनिक खर्चाचा अंदाज २.४ अब्ज पौंड होता. त्यात मूल्यवर्धित कर धरला नव्हता, सुरक्षेचा आणि आकस्मिक खर्चाचा आकडा तोकडा होता. २००७ मध्ये अंदाज ९.३ अब्ज झाला. प्रत्यक्ष खर्च ८.८ अब्जांच्या आसपास आला आणि मग "अंदाजापेक्षा कमी खर्चात स्पर्धा पार पाडली" असं सांगितलं गेलं. तुलना २००७ च्या आकड्याशी केली तर ते खरं, २००५ च्या आकड्याशी केली तर साडेतीन पटींहून जास्त खर्च. कोणी "बजेटमध्ये बसलं" म्हणालं की कोणत्या सालच्या बजेटमध्ये, हे विचारावंच.

तिसरं, जगात मधल्या काळात काहीही घडू शकतं. अथेन्सला २००४ च्या ऑलिम्पिकचं यजमानपद मिळालं १९९७ मध्ये. अमेरिकेवर २००१ चे दहशतवादी हल्ले झाले आणि सुरक्षेचा खर्च एक अब्ज युरोच्या घरात गेला. २०२० च्या ऑलिम्पिकसाठी टोकियोची बोली ७३,४०० कोटी येनची होती. कोविडच्या साथीमुळे स्पर्धा वर्षभर पुढे गेली, परदेशी आणि नंतर बहुतेक सगळेच प्रेक्षक बंद झाले, तिकिटांचं उत्पन्न जवळजवळ बुडालं आणि अधिकृत खर्च १.४२ लाख कोटी येनवर थांबला. जपानच्या लेखापरीक्षकांचा आकडा त्याहूनही मोठा आहे.

आयोजन समिती नफ्यात आणि शहर कर्जात, असं कसं होतं?

कारण दोघांच्या वह्या वेगळ्या असतात. पॅरिसच्या २०२४ च्या समितीने हिशेब नफ्यात बंद केला. त्याच स्पर्धांसाठी फ्रान्सच्या सार्वजनिक तिजोरीतून ६ अब्ज युरोंच्या आगेमागे रक्कम गेली, असं तिथल्या लेखा न्यायालयाने (सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेने) मांडलं. दोन्ही विधानं खरी आहेत. आणि पॅरिस तर काटकसरीने केलेलं उदाहरण. तिथली ९५ टक्के ठिकाणं आधीच उभी असलेली किंवा तात्पुरती होती.

यजमान करारातलं सर्वांत महत्त्वाचं कलम तूट कोण भरणार याचं असतं. प्रक्षेपण हक्क आणि मोठे प्रायोजक हे जागतिक संघटनेचे. तोट्याची हमी मात्र शहराची, राज्याची किंवा केंद्राची. हमीपत्रावर सही कोणाची आहे, हे कळलं की खर्च कोणाचा हे कळतं.

जामठ्याला स्टेडियम आहेच. मग आपल्याला तर फुकटच पडेल ना?

विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं जामठ्याचं स्टेडियम २००८ पासून आंतरराष्ट्रीय सामने घेतंय आणि तिथे सुमारे ४५,००० प्रेक्षक बसतात. २०११ चा विश्वचषक, २०१६ चा टी-२० विश्वचषक तिथे झाले. बांधकामाचा बोजा शहरावर नाही, ही मोठीच जमेची बाजू. पण "फुकट" म्हणताना गेटबाहेरचा खर्च विसरला जातो.

वाहतुकीचंच गणित करून पाहा. सामना रात्री अकराला संपला आणि प्रेक्षकांपैकी एक तृतीयांश, म्हणजे १५,००० लोक मेट्रोने परतणार असं धरू. मेट्रोच्या तीन डब्यांच्या गाडीत हजाराच्या आत माणसं मावतात. दर दहा मिनिटांनी गाडी सोडली तर तासाला सहा हजारांहून कमी लोक निघतील, म्हणजे शेवटचा माणूस दीड-दोन वाजता घरी. दर पाच मिनिटांनी सोडल्या तर वेळ निम्मा होतो, पण तेवढ्या गाड्या, चालक आणि स्टेशनवरचे कर्मचारी मध्यरात्रीपर्यंत थांबवावे लागतात. शिवाय स्टेडियम ते खापरी हा टप्पा उरतोच. ४५ जणांची एक बस धरली तर १५,००० लोकांसाठी ३३४ फेऱ्या लागतात. बाकीचे तीस हजार एकाच वर्धा रोडवर उतरतात, ज्यावरून हैदराबादकडची मालवाहतूकही चालू असते. ट्रक आधीच अडवून ठेवायचे तर त्यांना थांबायला जागा हवी, आणि तो खर्च कोणत्याही क्रिकेट मंडळाच्या वहीत येत नाही.

मैदान स्वतःही खर्चिक असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया टी-२० सामना इथे आठ-आठ षटकांचाच झाला, कारण आधीच्या दिवसांच्या पावसाने आउटफिल्ड ओली होती. पाऊस थांबला तरी खेळपट्टीभोवतीचा भाग वाळत नाही. गवताखाली वाळूचा जाड थर आणि त्याखाली छिद्रं असलेल्या पाइपांचं जाळं नसेल, किंवा वर्षानुवर्षं माती साचून ते गच्च झालं असेल, तर पाणी शोषणारं सुपर सॉपर यंत्र कितीही फिरवा, पाणी खाली जातच नाही. ही दुरुस्ती गवत उपसूनच करावी लागते, म्हणजे तेवढा काळ मैदान बंद.

नवं स्टेडियम नागपुरात बांधायचं तर काय काय धरावं?

आधी जमीन. शहरालगत मोठा सलग तुकडा म्हणजे भूसंपादन आलं. मिहानच्या वेळी शिवणगावसारख्या गावांचं पुनर्वसन किती वर्षं रेंगाळलं, हे नागपूरला सांगायला नको. उशीर झाला की मोबदला वाढतो आणि कोर्टाचा खर्चही.

मग माती. शहराच्या पश्चिम आणि दक्षिण भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर थेट पाया घातला तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतींना तडे जातात. ती काढून मुरूम भरावा लागतो किंवा खाली मुरुमापर्यंत, खडकापर्यंत पाया न्यावा लागतो. पार्किंग आणि रस्त्यांखालीही तेच करावं लागतं. अंदाजपत्रकात जमिनीची चाचणी किती ठिकाणी केली हे पाहावं. चार-पाच बोअरवर सगळं बेतलं असेल, तर पायाचा खर्च पुढे वाढणार हे धरून चाला.

वीज. टीव्हीसाठी कॅमेऱ्यांच्या दिशेने दोन हजार लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आसपास प्रकाश लागतो. जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांचा पुरवठा क्षणभर जरी तुटला तरी ते गार होऊन पुन्हा पेटायला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ सामना थांबतो. एलईडी लगेच लागतात, पण सुरुवातीला महाग. म्हणून दिवे डीजी सेटवर (डिझेल जनरेटरवर) चालवायचे आणि महावितरणचा पुरवठा राखीव ठेवायचा अशी व्यवस्था करतात. त्यात सेट, डिझेलच्या टाक्या, स्वयंचलित बदलाचे पॅनल, धुराची आणि आवाजाची परवानगी हे सगळं धरायचं.

आता पैसे. समजा स्टेडियम ४०० कोटींत झालं (आकडा केवळ गणितासाठी) आणि ते साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जावर बांधलं. वार्षिक हप्ता सुमारे ४२ कोटी. वीस वर्षांत परतफेड ८४५ कोटींच्या घरात. देखभाल-दुरुस्ती बांधकाम खर्चाच्या अडीच टक्के धरली तर पहिल्या वर्षापासून आणखी १० कोटी, पुढे महागाईने वाढत जाणार. म्हणजे दरवर्षी ५२ कोटी. वर्षात बारा दिवस वापर झाला तर एका दिवसाला ४ कोटी ३३ लाख. एकशेवीस दिवस झाला तर ४३ लाख. स्टेडियम परवडतं की नाही हे कशावर ठरतं, तर त्या बारा आणि एकशेवीसच्या फरकावर. आराखडा मांडणाऱ्याला स्पर्धेनंतरच्या तिसऱ्या वर्षाचं कॅलेंडर मागा. तारखांसह.

नवीन नको, जुन्याची डागडुजी करू. ती तरी स्वस्त पडेल?

कधी पडते, कधी नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमचं नूतनीकरणच ९६१ कोटींवर गेलं होतं. जुन्या इमारतीत काय निघेल हे ती उघडल्याशिवाय कळत नाही: गंजलेली सळई, गळके सांधे, अरुंद जिने. नूतनीकरणाचा निर्णय घेण्याआधी संरचनात्मक तपासणी आणि बाहेर पडण्याच्या वाटांचं माप, हे दोन अहवाल हातात हवेत. नागपूरने याची किंमत मोजली आहे. नोव्हेंबर १९९५ मध्ये सदरच्या जुन्या व्हीसीए मैदानावर भारत-न्यूझीलंड सामन्याच्या वेळी भिंत कोसळून प्रेक्षक मृत्युमुखी पडले. तपासणीचा खर्च बांधकामाच्या मानाने अगदी किरकोळ असतो आणि कपात करताना बळी आधी तिचाच जातो. ती कपात कधीही मान्य करू नये.

पोलिस बंदोबस्ताचे पैसे कोण देतं?

क्रिकेट सामन्यांसाठी राज्य सरकार शासन निर्णयाने दर ठरवतं. कसोटी, एकदिवसीय, टी-२० यांचे दर वेगळे, मुंबईचे आणि बाकी शहरांचे वेगळे. २०२३ मध्ये सरकारने हे दर बरेच कमी केले आणि ती सवलत २०११ पासूनच्या सामन्यांना लागू केली. म्हणजे जुनी थकबाकीही आटली. त्याविरुद्ध जनहित याचिका झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला याबद्दल जाब विचारला.

आयोजकाकडून जेवढं कमी घेतलं तेवढं करदात्याने दिलं, कारण बंदोबस्त तर लागतोच. शिवाय सामन्याच्या दिवशी शहरातल्या ठाण्यांतून जी माणसं काढली जातात, त्यांची नेहमीची कामं पडून राहतात. खासगी रक्षकांवर भिस्त ठेवली तरी धोका आहेच. लंडनला २०१२ मध्ये ठेकेदार कंपनी दहा हजारांहून अधिक रक्षक देणार होती, आयत्या वेळी माणसं कमी पडली आणि ३,५०० सैनिक बोलवावे लागले. करारात माणसं हजर झाल्याची तपासणी स्पर्धेच्या किमान सहा महिने आधी सुरू होते असं कलम हवं, नुसता शेवटी दंड नको.

पाणी किती लागतं?

क्रिकेटचं मैदान ७० मीटर त्रिज्येचं धरलं तर क्षेत्र १५,४०० चौरस मीटर होतं. त्यावर ५ मिलिमीटर पाणी दिलं की एका वेळचे ७७,००० लिटर झाले. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये हे जवळजवळ रोजचं. पोहण्याचा ५० बाय २५ मीटरचा तलाव २ मीटर खोल असेल तर २५ लाख लिटर, ३ मीटर असेल तर साडेसदतीस लाख. शिवाय बाष्पीभवन आणि गाळण्या धुण्याचं पाणी वेगळं. ओल्या कृत्रिम मैदानावरच्या हॉकीला प्रत्येक सामन्याआधी पाणी मारावं लागतं.

२०१६ च्या दुष्काळात हा प्रश्न न्यायालयात गेला. मुंबई, पुणे, नागपूर या तीन शहरांतल्या आयपीएल खेळपट्ट्यांना सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल असा आकडा पुढे आला आणि उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. नागपुरात ठेवलेले सामनेही गेले. उपाय अवघड नाही: सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं पाणी, त्यासाठी वेगळी वाहिनी आणि मैदानाजवळ साठवण टाकी. पण ही वाहिनी मूळ अंदाजपत्रकात हवी. नंतर टाकायची तर केलेले रस्ते पुन्हा खोदावे लागतात.

हॉटेलं भरतात, टॅक्सीवाले कमावतात. तो फायदा धरायचा नाही का?

धरायचा, पण निव्वळ. स्पर्धेसाठी आलेला माणूस मोजताना स्पर्धेमुळे न आलेला माणूस वजा करावा लागतो. ऑलिम्पिकच्या महिन्यात, ऑगस्ट २०१२ मध्ये, ब्रिटनमध्ये आलेल्या परदेशी पाहुण्यांची संख्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ५ टक्के कमी होती. महागाई आणि गर्दी टाळायला नेहमीचे पर्यटक फिरकलेच नाहीत. तसंच, धरमपेठेतल्या कुटुंबाने सामन्यावर पाच हजार खर्च केले आणि त्या महिन्यात बाहेर जेवणं टाळलं, तर शहराच्या उलाढालीत नवं काही आलं नाही, फक्त खिसा बदलला. "अमुक हजार कोटींची उलाढाल" असा अहवाल हाती आला तर ही वजाबाकी केली आहे का ते आधी पाहा. बहुतेक वेळा केलेली नसते.

नागपुरात स्पर्धा घ्यायची तर कधी?

डिसेंबर नको, हिवाळी अधिवेशनामुळे विश्रामगृहं, हॉटेलं आणि बाहेरून आलेले पोलिस सगळे आधीच अडकलेले असतात. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात, तेव्हा शहराची सारी व्यवस्था त्यांच्यासाठी असावी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. जून ते सप्टेंबर पाऊस. उरतो नोव्हेंबर आणि जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी. जागतिक संघटनांची कॅलेंडरं त्यांच्या सोयीने ठरतात, तेव्हा ही खिडकी करारात लिहून घेता येत नसेल तर बोलीच लावू नये.

स्पर्धेनंतर मैदानांचं काय होतं?

ब्राझीलमधल्या मनाउस शहरात २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी ४४,००० आसनांचं स्टेडियम उभं राहिलं. तिथे विश्वचषकाचे चार सामने झाले, आणि शहरात ते भरेल असा मोठा क्लब नव्हता. केप टाउनचं स्टेडियम ४४० कोटी रँडला पडलं आणि त्याची तूट नगरपालिकेने वर्षानुवर्षं सोसली. अथेन्सच्या हेलिनिकोमधली मैदानं गवतात हरवली. रिओच्या मराकाना स्टेडियमची वीज २०१६ च्या ऑलिम्पिकनंतर काही महिन्यांत तोडली गेली, खुर्च्या चोरीला गेल्या.

लंडनचा धडा जास्त उपयोगी आहे, कारण तिथे नंतरचा वापरकर्ता मिळाला होता. ॲथलेटिक्सचं मैदान फुटबॉलसाठी बदलायला ३२ कोटी पौंडांहून अधिक लागले आणि दरवर्षी खुर्च्या पुढे-मागे सरकवण्यावर काही दशलक्ष पौंड जात राहिले. ते वापरणाऱ्या फुटबॉल क्लबचं वार्षिक भाडं सुरुवातीला २५ लाख पौंड होतं. वापर कोणता हे बांधायच्या आधी ठरवलं असतं तर यातलं बरंचसं वाचलं असतं.

आपल्याकडे पाहायचं तर पुण्याचं बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलं, २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांना तेच वापरलं आणि २०१८ ते २०२३ एटीपी टेनिस तिथेच झालं. एकाच आवारात अनेक खेळ आणि आसपास वाढतं शहर असल्याने ते वापरात राहिलं. नागपुरात मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल हे त्याच जातीचं काम आहे. नव्या घोषणेआधी त्याची देखभाल आणि वापराचे दिवस वाढवणं जास्त फायद्याचं, हे आमचं ठाम मत आहे.

फायदा झालेलं एकही शहर नाही का?

आहे. लॉस एंजेलिसने १९८४ मध्ये २० कोटी डॉलरच्या वर शिल्लक टाकली. माँट्रियलची गत पाहून बाकी शहरं मागे हटली होती, ते एकटेच उमेदवार उरले होते. त्यामुळे अटी त्यांनी घातल्या, तोट्याची हमी शहराने दिली नाही आणि जुनं कोलिझियम स्टेडियम वापरलं. बार्सिलोनाने १९९२ मध्ये समुद्रकिनारा, रिंगरोड, सांडपाण्याची व्यवस्था सुधारली, पण ती योजना शहराला आधीच हवी होती. स्पर्धा निमित्त ठरली.

हो म्हणून नंतर माघार घेतली तर?

महाग पडतं, पण कधीकधी पुढे जाण्यापेक्षा स्वस्त. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धांचा अंदाज २.६ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर दिला होता. तो ६ अब्जांच्या वर जाईल असं सांगत जुलै २०२३ मध्ये त्यांनी माघार घेतली. ३८ कोटी डॉलर भरपाई गेली, एकूण ५८.९ कोटी डॉलर खर्चून हाती काहीच आलं नाही, असं तिथल्या महालेखापरीक्षकांनी नोंदवलं. त्याच स्पर्धा ग्लासगोने दहा खेळ आणि चार ठिकाणांवर आणून छोट्या केल्या. डेन्व्हरच्या मतदारांनी तर १९७२ मध्ये मतदानातून निधी नाकारला आणि १९७६ चं हिवाळी ऑलिम्पिक इन्सब्रुकला गेलं. मतदान बोलीआधी घेतलं असतं तर सगळ्यांचाच वेळ वाचला असता.

करसवलत म्हणजे काय भानगड?

जागतिक संघटना यजमान देशाकडून कर माफी मागतात. भारत सरकारने २०१६ च्या टी-२० विश्वचषकासाठी ती दिली नाही, तेव्हा आयसीसीने ते नुकसान बीसीसीआयच्या वाट्यातून कापलं. १९३ कोटी रुपयांचा आकडा तेव्हा चर्चेत होता. माफी दिली तर तिजोरी बुडते, नाही दिली तर यजमान संघटना. बोलीच्या हिशेबात हे दोन्हींपैकी एक लिहिलेलं असलंच पाहिजे.

मग नागपूरला झेपेल असं काय आहे?

बुद्धिबळ. हे आम्ही अभिमानाने म्हणतो, कारण २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकणारी दिव्या देशमुख याच शहराची आहे. पण मुख्य कारण हिशेबाचं आहे. मामल्लपुरमचं २०२२ चं ऑलिम्पियाड १८० हून अधिक देशांचे खेळाडू घेऊन हॉटेलच्या आवारातल्या सभागृहांत झालं, आणि तमिळनाडू सरकारने त्यासाठी सुमारे ९२ कोटी मंजूर केले होते. नागपूरने त्याहून लहान, शे-दीडशे खेळाडूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा घ्यायची म्हटलं तर लागतं ते असं: दोन-अडीच हजार चौरस मीटरचं वातानुकूलित सभागृह, पटांच्या चाली थेट दाखवणारे इलेक्ट्रॉनिक पट, त्यांना यूपीएस, इंटरनेटच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या, प्रवेशद्वारावर धातुशोधक आणि पंचांची फळी. बिघडतं ते बहुधा इंटरनेट आणि वातानुकूलन, म्हणून दोन्हींचा राखीव संच आधीच भाड्याने घ्यावा. स्पर्धा संपल्यावर मागे रिकामी इमारत उरत नाही, पट शाळांना देता येतात.

बॅडमिंटन, टेबल टेनिस, कनिष्ठ गटाच्या स्पर्धाही याच मापात बसतात. हजारभर प्रेक्षकांचं बंद सभागृह वर्षभर वापरता येतं.

आम्ही नागरिक. कागद कसे मिळवायचे?

माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, तेव्हा सगळं एकाच अर्जात कोंबू नका. तेवढ्या कारणावरून परत पाठवतात. उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. अर्ज क्रीडा संघटनेकडे करून बहुधा उपयोग होत नाही, कारण सरकारी अनुदान न घेणाऱ्या संघटना या कायद्याच्या कक्षेत नाहीत. पैसा जिथून निघतो तिथे अर्ज करा: महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा नियोजन समिती, क्रीडा संचालनालय, पोलिस आयुक्तालय.

मागायचे कागद नावानिशी लिहा. यजमान कराराची प्रत आणि त्यातलं तुटीचं कलम. हमीपत्र आणि त्यावरची सही. मूळ प्रशासकीय मान्यता व त्यानंतरची प्रत्येक सुधारित मान्यता, तारीख आणि कारणासह. निविदा न काढता दिलेल्या कामांची यादी. बंदोबस्ताची आकारणी आणि प्रत्यक्ष वसुली. स्पर्धेनंतरच्या पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यात) आहे. रंगरंगोटी, झाडं, पथदिवे यांचा खर्च अनेकदा रस्तेदुरुस्तीच्या किंवा उद्यान विभागाच्या खात्यात दाखवलेला असतो, म्हणून त्या विभागांना त्याच तीन महिन्यांची कामांची यादी वेगळ्या अर्जाने मागा. अर्ज स्पर्धेआधी करा. नागानोने १९९८ च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या बोलीचे हिशेब जाळून टाकले होते. तिथे काय खर्च झाला हे आजवर कोणाला पूर्ण कळलेलं नाही.